टाकीत नव्वद टक्के

आमच्या घरात मला दोन विषयांवर बोलायची बंदी आहे. एक, बायकोच्या भावानं घेतलेली गाडी. दुसरा, पाण्याची टाकी. गाडीबद्दल मी खरंच बोलणार नाही.

तेव्हा आम्ही विचुंब्याच्या नव्या इमारतीत राहायला येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सरकारी पाणी यायचं तेव्हा यायचं, बाकी सगळा टँकरचा कारभार. बायको सोसायटीची सेक्रेटरी. टँकर कधी मागवायचा ते तीच ठरवायची, आणि त्यासाठी रोज चार मजले चढून गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मी जाहीर केलं, की यापुढे आपल्यात किती पाणी आहे ते टाकीच खाली येऊन सांगेल.

मी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कारकून. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध एवढाच, की ऑफिसातला प्रिंटर अडकला की मला हाक मारत. पण त्याच सुमारास पत्त्याच्या पानाएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड बाजारात आला होता. वायरनं घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा, चार ओळींचा प्रोग्राम लिहून त्यात भरायचा, की तो सांगितलेलं काम बिनतक्रार करत राहतो. बिनतक्रार काम करणारं कुणीतरी आपल्या हाताखाली असावं, ही माझी जुनी इच्छा. लॅमिंग्टन रोडवरून मी तो बोर्ड आणला, सोबत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आणि एका ओळीत सोळा घरं असलेला हिरवा डिस्प्ले.

पाणी मोजणं एका रविवारी जमलं. मोजलेलं नीट लिहून दाखवणं जमायला महिना गेला. एका डब्यात बसवून जिन्याखाली डिस्प्ले लावला, तर त्यावर आलं त्रेसष्ट पॉइंट दोन सात चार नऊ.

बायको म्हणाली, "हे पॉइंटच्या पुढचं पाणी कुणाला द्यायचं?"

पॉइंटच्या पुढचं काढलं. मग आकडा डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसला, तो मधोमध आणला. टक्क्याचं चिन्ह आकड्याच्या मागे मागे सरकायचं, ते मला बरं दिसेना, म्हणून त्याची जागा पक्की करून टाकली. एवढं झाल्यावर तळमजल्यावरच्या मावशींनी मला अडवलं. मावशी मूळच्या उरणकडच्या करंज्याच्या, मुलाला इथं जवळच नोकरी लागली म्हणून आलेल्या.

"भाव, तुजा डबा माज्याकडं बगून डोला मारतो."

खरं होतं. दर सेकंदाला सगळा पडदा पुसायचा आणि नव्यानं लिहायचं, असा माझा प्रोग्राम होता, त्यामुळे अक्षरं लुकलुकायची. मी पुसणं बंद करून टाकलं. जुन्या आकड्यावरच नवा आकडा लिहायचा. डबा शांत झाला. टँकर आला त्या दिवशी सगळ्या इमारतीसमोर चाचणी घेतली. रिकामी टाकी भरत गेली तसा आकडा पाच, नऊ, दहा, वीस करत ऐंशीपर्यंत चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनंही वाजवल्या, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पुढे मावशींच्या मुलाचं लग्न ठरलं आणि हळद आमच्या कंपाउंडात करायचं ठरलं. मावशी बायकोला म्हणाल्या, "मांडव झाला, बँड झाला. पानी तेवडा बग, पोरी. करंज्याची मानसा येनार हायेत. उद्या कोन बोलायला नको, हिच्याकडं हात धुवायला पानी नवता."

"मावशी, पाण्याची काळजी माझी," बायको म्हणाली.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड तीस दाखवत होता. बायकोनं हळदीच्या दिवशी सकाळीच फोन करून दुपारचा टँकर सांगून ठेवला. बाराच्या सुमाराला ती जिन्याखाली आली आणि थबकली. बोर्डावर नव्वद.

"अहो, काल तीस होतं. रात्रभर पाहुणे, आचाऱ्यांची ती पातेली. आणि आज नव्वद?"

"पहाटे सरकारी पाणी आलं असेल. पंप ऑटोमॅटिक आहे."

"जरा वर जाऊन बघून येता?"

"मग हा बोर्ड कशाला लावलाय?" मी विचारलं. तिनं टँकर रद्द केला. लग्नसराईचे दिवस, टँकरवाल्यानं कारणसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर थोड्या थोड्या वेळानं ऐंशी, सत्तर, साठ असा आकडा उतरू लागला. बायको म्हणाली, फारच भराभर उतरतंय. मी म्हटलं, हळदीची माणसं आहेत, वापरणारच. चाळीसला तिनं पुन्हा फोन लावला, तर टँकर उद्या सकाळी. "चाळीस टक्क्यांत रात्र सहज निघेल," मी हिशेब मांडला.

बोर्डावर वीस होतं तेव्हा नळाला वारा आला.

नवरदेव पाटावर बसलेला, केसांपासून टाचांपर्यंत पिवळा. भोवतीच्या आत्या, काकू, मावश्या कोपरापर्यंत पिवळ्या. कोपऱ्यात मटणाची पातेली तशीच पडलेली. मावशी पदरानं हात झाकत बायकोजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, नलाला पानी नाय."

बायकोनं बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी गच्चीकडे निघालो.

टाकीच्या तळाशी तळहात भिजेल एवढंच पाणी होतं. तिथे झाकण धरून उभा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. दहाचा आकडा दोन घरं घेतो, एक आणि शून्य. पाणी दहावरून नवावर आलं. नवाला एकच घर पुरतं, तो बापडा एकाच्या जागी जाऊन बसला. शेजारचं शून्य पुसायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं, ते आपलं जागेवर. नवाचे नव्वद, आठाचे ऐंशी, चाराचे चाळीस. चाचणीच्या वेळी पाणी नुसतं चढत होतं, आणि चढणीवर हा घोटाळा दिसतच नाही.

शोध मोठा होता. मी धावतच खाली आलो. "अगं, ते शून्य आहे ना, ते आधीचंच..."

"शून्याचं नको. पाणी किती आहे?"

"नाही."

तिनं पदर खोचला आणि गेटबाहेर पडली. भिंतीपलीकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी तिचं स्कूटर लावण्यावरून भांडण झालं होतं आणि कित्येक महिने बोलणं बंद होतं. वाटेत समोरून आले तर दोघंही मोबाइल काढून कानाला लावत. त्याच माणसाच्या दाराची बेल तिनं वाजवली. आत काय बोलणं झालं ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण थोड्याच वेळात त्यांच्या गच्चीवरून, जी आमच्यापेक्षा एक मजला उंच आहे, एक काळा पाइप आमच्या गच्चीवर उतरू लागला. वरून सेक्रेटरी ओरडले, "वहिनी, तेवढं भाऊंना सांगा, तुमच्यासारखा बोर्ड आम्हालाही करून द्या म्हणावं. केवढी सोय."

"सांगते हं," बायको म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

बँडवाल्यांना मावशींनी वाजवतच ठेवलं होतं. पाहुणे नाचत होते, कुणाला पत्ता नव्हता. मावशींनी पिवळ्या बोटानं मला गच्ची दाखवली. "तू वर जा. टाकीजवल उबा रा. पानी किती झाला तो तोंडान सांग."

मी पाइपाचं तोंड टाकीत धरून उभा राहिलो. खाली नवरदेव पाटावर बसून वर बघत होता. त्याच्या शेजारी माझी बायको कमरेवर हात ठेवून.

"किती?" तिनं विचारलं.

"चार बोटं."

काही वेळानं पुन्हा, "किती?"

"वीतभर."

"अंदाजे की नक्की?"

मी बाही वर करून दंडापर्यंत हात आत घातला. "नक्की," मी ओरडलो.

तिनं मावशींना मान हलवून खूण केली आणि नवरदेवाच्या डोक्यावर पहिला तांब्या पडला.