दुसरा पंच

आमच्या वाडीतल्या त्या गाडीवानाला नुसतं 'कुठे निघालास?' म्हटलं, तरी तो कासरा ओढून गाडी थांबवायचा आणि उलट विचारायचा, "ह्यां सांगूकच व्हया, असा कायद्यात आसा?" शाळा दोन यत्ता झालेली. कायदा कुठे शिकला, देव जाणे.

दारूबंदीचे दिवस होते. बाजाराच्या सकाळी त्याची बैलगाडी थेट पोलीस चौकीच्या कुंपणात घुसली. हवालदारांनी पंचनाम्याला दोन पंच बोलावले, एक मी शाळामास्तर आणि दुसरा खानावळवाला. त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा आणि सही करायची, एवढंच आमचं काम.

गाडीवान डुलत उतरला, पंचा खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाला, "हवालदारानू, पयलो पंचांच्या तोंडाचो वास घेवा. पियेलल्या पंचाक काय कळतला?"

खानावळवाल्याला एकाएकी चुलीवरची आमटी आठवली. माझ्या तोंडाला सुक्या बांगड्याचा वास आला, म्हणून मी पास झालो. मग दुसऱ्या पंचासाठी हवालदार बाजारभर हिंडले. ते जवळ येताना दिसले की भले भले लोक तोंडावर हात धरून घाईने निघत. इकडे गाडीवान ओसरीवर झोपला, उठला आणि पेज मागून प्याला. "अटकेतल्याक जेवाण देवकच व्हया."

उन्हं कलल्यावर हवालदार एकटेच परतले. "या गावात एक शुद्ध तोंड मिळेल तर शपथ," ते म्हणाले.

गाडीवानाने त्यांच्या नाकाशी जाऊन सावकाश 'हाऽ' केलं.

"आता माझी उतारली," तो म्हणाला. "दुसरो पंच म्हणान माकाच लिवा."