सातव्या ओळीतली बोट

एब्बे क्रागेलुंड आधी शाळेत गणित शिकवायचा. पंच्याऐंशी साली युटलंडच्या किनाऱ्यावर आमच्या बंदरात कॉम्प्युटर आला, तेव्हा पास्कल ही प्रोग्रामची भाषा येणारा तोच एक. वायरलेसवर मी, शेजारी तो.

यंत्राची मेमरी चिमूटभर. एब्बे कंजूष सासूसारखा वागे. बोटीचं नाव दहा अक्षरांत कापायचं, लहान आकड्याला लहानच खण द्यायचा. परतलेल्या बोटींची आजची यादी आणि जुन्या वर्षांची यादी त्यानं एकाच जागेत बसवली होती. एक उठली की दुसरी बसायची. प्रोग्राम यंत्राला समजेल असा करून देणाऱ्या कंपायलरची खोड एवढीच, की जागा देताना तो ती झाडून देत नसे. आधीचं उष्टं तसंच. एब्बेला ते ठाऊक होतं. पण पुसायच्या चार ओळींनाही मेमरी लागतेच.

बुडालेल्या बोटीची ओळ कोरी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. 'सिग्ने' तीन वर्षांपूर्वी माणसांसकट गेली. तिची सातवी ओळ एब्बेनं नव्या 'टेर्ना'ला दिली; ती येप्पे एकटाच चालवायचा.

"कोऱ्या ओळी पोसायला माझ्याकडं जागा कुठाय?"

"कार्नाला विचारलंस?" मी म्हटलं. कार्ना म्हणजे 'सिग्ने'च्या तांडेलाची बायको. एब्बे पुढची ओळ टाइप करत राहिला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी धुक्यात धक्का दिसेना. सकाळीच एब्बेनं जुनी यादी उघडली होती. परतलेल्या बोटींचा कागद तीनला खिडकीला लागला: चौदाच्या चौदा आत. बचाव-बोटीची माणसं कोट चढवून घरी निघाली.

कार्ना आत आली. चेहरा शांत.

"एब्बे, माझा माणूस दोन वीसला आलाय म्हणे. मग धक्क्यावर का नाही?"

कागदावर सातवी ओळ: सिग्ने, २.२०.

माझ्या अंगावर काटा आला. एब्बे पांढरा पडला तो वेगळ्याच कारणानं.

"ही जुन्या सालची वेळ, कार्ना. सातव्या ओळीत आज कुणी लिहिलंच नाही." तो माझ्याकडं वळला. "टेर्नावरून येप्पे बोलला का?"

"नाही. मला वाटलं, तुझ्याकडं नोंद आहे."

घरी निघालेल्यांना माघारी बोलावून बचाव-बोट सुटली. मी टेर्नाला हाका मारत राहिलो. पलीकडं नुसती खरखर.

"हळू बोल," कार्ना म्हणाली. "ऐकतायत ते."

"कोण?"

"दोघंही. येप्पे आणि माझा माणूस."

पाचला येप्पेला वाळूच्या दांड्यावरून उचलून आणलं. जिवंत. बोट तिथंच फुटली.

एब्बेनं लगेच पुसायच्या ओळी घातल्या, त्यासाठी नावं आठ अक्षरांवर आणली. सातवी ओळ कोरी सोडली. कार्ना मागं उभी राहून पडद्याकडं बघत होती.

"पुसलंस त्याला?"

"पुसलं."

तिनं खिडकीवरचा कागद सोडवला, घडी घातली.

"मग हा मी नेते."

एब्बे नाही म्हणाला नाही.