अंबुबाईची मोजणी

अंबुबाई मूळची माळशिरसकडची. नवरा गेल्यावर मेंढरं दिराच्या हवाली करून ती सोलापुरात आली आणि डॉक्टर चनमल्लप्पांच्या घरी झाडलोटीला राहिली.

डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाचं वेड. रत्नागिरीचा एक मित्र त्यांना बरण्यांतून समुद्रातलं शेवाळ पाठवायचा. त्याच्यावरचा बुळबुळीत थर खरवडून ते काचेवर पसरत, निळा रंग देत आणि भिंगाखालचे जंतू चौकटी-चौकटीनं मोजत. पण डोळे लगेच पाणावायचे. एकदा वैतागून त्यांनी अंबुबाईलाच नळीला डोळा लावायला सांगितलं.

"काय दिसतंय?"

"निळं ठिपकं. ह्या खणात एक वीस आन् वर सात."

डॉक्टरांनी स्वतः मोजलं. सत्तावीसच.

तेव्हापासून झाडू सुटला नाहीच, वर मोजणी आली. चार वर्षं ती दुपारभर एक डोळा मिटून बसली. चिकटलेल्या जोडीला एक धरायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती सांगे, डॉक्टर वहीत उतरवत.

एकोणीसशे एकतीस साली पुण्याहून एक प्राध्यापक आले. वह्या चाळून म्हणाले, "चिकाटीचं काम आहे. मोजलं कुणी?"

अंबुबाई चहा घेऊन दारातच उभी होती.

"मीच," डॉक्टर म्हणाले.

पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, माझं नाव का न्हाई घेतलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "तुझं नाव घातलं तर ते आकडे खरे कोण मानील?"

"आकडं तर त्येच ऱ्हातील की."

त्यांनी चष्मा लावला आणि वह्या उचलून कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खणात दोन विसा आणि तीन ठिपके होते. "नऊ," ती म्हणाली. डॉक्टरांनी मान वर न करता नऊ लिहिले. पुढच्या खणाला तिनं तोंडाला येईल तो आकडा सांगितला. तोही लिहिला गेला. हा माणूस उठेल, बघेल, रागावेल, असं तिला वाटलं होतं. चार वर्षं एकेका ठिपक्यासाठी डोळा ताणला, तो कुणासाठी?

ती उठली. "त्ये दोन आकडं खोटं हायती. खोडा."

"मग खरे किती?"

"तुमीच मोजा की."

पुढं डॉक्टरांचं घर सोडून ती एका गिरणीत रिळावर सूत गुंडाळायला लागली. चार वर्षं नळीला लावलेल्या उजव्या डोळ्याला तुटलेला धागा दिसेना, म्हणून आठवड्यातच मुकादमानं तिला खाली पडलेलं सूत गोळा करायला लावलं. डॉक्टरांचा लेख वर्षभरानं छापून आला. शेवटी आभार होते, बरण्या पाठवणाऱ्या मित्राचे.