घर पुढे, जीप मागे

कतारमध्ये दुखानच्या तेल कंपनीच्या गॅरेजात मी फिटर होतो, तेव्हा आमच्या साहेबांनी कॅम्पातली एक मोडीत काढलेली बस मागून घेतली आणि तिचं घर करायचं ठरवलं. १९५०चं दशक सरत आलं होतं. सुट्टीच्या दिवशी गोऱ्या साहेबांना दुखानमध्ये करण्यासारखं फारसं काही नसे. कुणी गळ टाकून बसे, कुणी गवताचं पातं नसलेल्या मैदानात गोल्फ खेळे. आमच्या साहेबांना फिरतं घर हवं होतं.

बसची बाकं उपटून आम्ही आत दोन पलंग बसवले, स्टोव्हचा ओटा केला, आणि मडमच्या हट्टापायी आरशाचं एक उंच कपाट भिंतीला स्क्रूने आवळलं. पाण्याची टाकी आधी छपरावर बसवली होती. कॅम्पाभोवती एक फेरी मारली, वळणावर बस ताडी प्यायल्यासारखी झुलली, तेव्हा टाकी खाली आणली. फिरत्या घरात जड ते खाली आणि काचेचं ते चादरीत गुंडाळून, हा पहिला धडा. आणखी एक काम साहेबांनी सांगितलं. बसच्या तोंडाशी ओढायचा मोठा हुक होता, तो त्यांनी कापायला लावला, कारण मडमला तिथे फुलांच्या कुंड्यांची फळी हवी होती. मी गॅस लावला आणि हुक कापला.

हे एवढं घर कुठल्याही गावाच्या बोळात शिरणार नाही, म्हणून पोचल्यावर फिरायला मागे जीप बांधून न्यायची असं ठरलं. त्यासाठी मी लोखंडी पट्ट्यांचा तिकोनी दांडा केला. त्याची दोन टोकं जीपच्या बंपरला, तिसरं बसच्या मागच्या हुकाला. दांडा तुटलाच तर म्हणून खालून साखळ्या, त्याही फुलीसारख्या, म्हणजे दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांवर पडेल. जीप न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंग मोकळं. मग पुढची गाडी वळली की मागची आपोआप वळते. हे सगळं मी आजही डोळे मिटून बांधीन. फक्त एका गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. त्या जीपला कॅनव्हासच्या बाजू होत्या, दारांना कुलूप नव्हतं.

हिवाळ्यातल्या सुट्टीत आम्ही उत्तरेला अल रुवैसला निघालो. साहेब चालवायला, मडम नकाशा घेऊन शेजारी, मागे मी आणि मामू. हे माझे सख्खे मामू, साहेबांच्या बंगल्यावर कुक होते. रत्नागिरीहून मला कतारला आणलं ते त्यांनीच. मामूंना ही सहल मुळीच पसंत नव्हती. घर असलेल्या माणसाने घराबाहेर पडावं किंवा घरात बसावं, दोन्ही एकदम करू नये, असं त्यांचं मत होतं.

रस्ता असा नव्हताच. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, त्या धरून जायचं. वाटेत वाळवंटात भटकणाऱ्या बदूंचे चार तंबू दिसले. तिथे मडमने चहासाठी गाडी थांबवली. उतरल्याबरोबर मी साखळ्या तपासल्या, मग चहा झाला, आम्ही निघालो. बस माणसाच्या चालीहून थोडीच जास्त चालत होती आणि मागे धुळीचा असा पडदा उठत होता की आरशात जीप सोडाच, आभाळही दिसत नव्हतं.

दुपारी बस आपोआप मंदावू लागली. साहेबांनी गिअर खाली घेतला, ती आणखी मंदावली, आणि इंजिन दोन धक्के देऊन बंद पडलं. साहेब आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून बसलो. प्लग काढले, पुसले, परत बसवले. काही दोष सापडला नाही. तेवढ्यात मामूंनी बाजूला जाऊन नमाज पढून घेतली आणि परत आल्यावर माझं कौतुक केलं, की मी न सांगता त्यांच्या मागे येऊन उभा राहिलो. मी म्हटलं, मी तर बॉनेटमध्ये होतो. नमाजसाठी मामूंनी चष्मा काढून ठेवला होता, आणि त्याशिवाय त्यांना लांबचं दिसत नसे. त्यांनी माझ्या तेलकट हातांकडे पाहिलं. मागे कुणीतरी होतं, असं ते हळू आवाजात म्हणाले आणि बसमध्ये जाऊन बसले. बस चालू झाली. पुढे किती तरी वेळ मामूंच्या ओठांची हालचाल थांबली नाही.

मग वाटेला दोन फाटे फुटले. साहेब डावीकडे वळले, आणि बस पुन्हा अडली. या वेळी मागून दांडा कळवळल्यासारखा कुरकुरला आणि जळक्या ब्रेकचा वास आला. बस पुढे ओढतेय आणि मागून कुणीतरी धरून ठेवलंय, असं स्पष्ट जाणवत होतं. साहेबांनी इंजिन बंद केलं. मी उतरून मागे गेलो. धूळ खाली बसत होती.

जीपच्या स्टिअरिंगवर एक म्हातारा बदू बसला होता, पाय ब्रेकवर घट्ट. शेजारी त्याची बुरखा घेतलेली बायको. मागच्या सीटवर गाठोडी आणि दोन बकऱ्या. सगळे नखशिखांत पांढरे झाले होते, बकऱ्यासुद्धा.

मी सलाम केला, त्याने केला. गॅरेजात शिकलेलं माझं अरबी तेवढ्यापुरतं पुरलं. त्याने विचारपूस केली, माझी, माझ्या वडिलांची, प्रवासाची. मग मुद्द्यावर आला. "पुढच्या माणसाला सांग, तो चुकीच्या वाटेने चाललाय. रुवैसला उजवीकडून जातात."

मी विचारलं, तुम्ही या गाडीत कसे?

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "रिकामी गाडी बांधून नेतात, ती कुणासाठी?"

तंबूपाशी आम्ही चहा पीत होतो तेव्हा, आम्ही रुवैसला चाललोय हे ऐकून, तो कुटुंबासह जीपमध्ये येऊन बसला होता. रुवैसला त्याची मुलगी दिलेली होती, तिला भेटायला तो निघालेला होताच. नमाजची वेळ झाली तेव्हा त्याने गाडी थांबवली, पुढे इमाम उभाच होता, त्याच्या मागे नमाज पढली आणि परत आपल्या जागी येऊन बसला. गाडीबद्दल त्याचं मत चांगलं होतं. नुसता हात ठेवला की वळते, म्हणाला, शहाण्या उंटासारखी. पुढची मोठी गाडी मात्र सुस्त होती.

मी हे सगळं साहेबांना इंग्रजीत आणि मामूंना मराठीत सांगितलं. मामूंचा चेहरा मोकळा झाला. ते धावत जाऊन म्हाताऱ्याला भेटले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले. माणूस होता, भूत नव्हतं, एवढ्यानेच त्यांचा आनंद मावेना. साहेब बराच वेळ जीपभोवती फिरले. रागावायचं तर होतं, पण कशावर रागवावं हे ठरेना. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, उजवीकडची वाट नक्की आहे का? म्हातारा म्हणाला, इन्शाल्ला. मडमने त्याच्या बायकोला बसमध्ये बोलावलं, आणि म्हातारा आपल्या स्टिअरिंगवर परत जाऊन बसला. ब्रेक दाबायचा नाही, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

उजवीकडची वाट उंटांची होती. उंटाला ती ठीक असेल. थोड्याच वेळात सबखा लागली. सबखा म्हणजे आपल्याकडच्या खाजणाची बहीण. वरून पापडासारखी कडक, आणि आत खारट लगदा. पापड बसखाली मोडला. साहेबांनी घाबरून इंजिन रेटलं. हा दुसरा मोठा धडा: चाक रुतलं की पाय उचलावा, दाबू नये. बसने जागच्या जागी फिरून स्वतःची कबर खणली. मग खालून धाडकन आवाज आला आणि इंजिन गर्जत राहिलं, चाकं मात्र गप्प. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडाच तुटला होता. खलास.

नशीब एवढंच की जीप अजून कडक जमिनीवर होती. ती सोडवली, उलटी फिरवली, लोखंडी दोर लावला, चाकांखाली पलंगांच्या फळ्या घातल्या. साहेब जीपमध्ये, बाकी सगळे बसच्या तोंडाशी ढकलायला. मडम, मामू, मी, म्हातारा. फुलांच्या कुंड्यांची फळी आमच्या छातीत रुतत होती. बस सुटली आणि पाठमोरी कडक जमिनीवर आली.

आता तिला तोंडाकडून ओढायला हवं होतं. पण तोंडाचा हुक मी कापलेला. बसच्या मागच्या हुकाशिवाय धरायला जागाच नव्हती. म्हणून तोच तिकोनी दांडा आता जीपच्या मागे लावला, आणि घर मागे, जीप पुढे अशी आमची वरात सबखेला वळसा घालून निघाली. घर उलटं. कुणीतरी बसचं स्टिअरिंग धरून चाकं सरळ ठेवायला हवी होती. ते काम माझं. सगळे रुवैसकडे चालले होते आणि मी मात्र दुखानकडे तोंड करून, बंद इंजिनाची बस चालवत होतो. ज्या वाटेने जायचं ती मला दिसत नव्हती. जी संपली तेवढीच दिसत होती. बकऱ्या माझ्याजवळ होत्या. म्हातारा साहेबांशेजारी बसून वाट दाखवत होता, आणि साहेब आता त्याला न विचारता वळत नव्हते. चूक त्याचीच होती, पण चूक वाटून घेतली की माणसं जवळ येतात बहुतेक. मागे आरशाच्या कपाटापुढे म्हातारी स्वतःला न्याहाळत होती आणि मडम तिला बिस्किटं देत होती. मामू पुन्हा चहा करत होते, चालत्या घरात, स्टोव्ह एका हाताने धरून. असं करू नये. चालत्या गाडीत स्टोव्ह पेटवणं म्हणजे आगीला निमंत्रण, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "तू पुढे बघ."

उन्हं कलताना रुवैस आलं. अख्खं गाव किनाऱ्यावरून धावत आलं. एक घर पाठीकडून गावात शिरतंय आणि त्याचा ड्रायव्हर समुद्राकडे पाठ करून बसलाय, असं त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हाताऱ्याला विचारलं, हे काय? तो जीपमधून उतरला, कपडे झटकले आणि शांतपणे सांगितलं, की इंग्रजांना वाट सापडत नव्हती, मी घेऊन आलो. त्याच्या मुलीने आम्हा सगळ्यांना मासे आणि भात वाढला.

तिथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या गलबताचा एक जुना खलाशी बसला होता. आम्ही कोकणातले, हे कळल्यावर तो मामूंजवळ सरकला. तरुणपणी तो आमच्या किनाऱ्यावर कौलं भरायला येत असे. त्याला येत होतं ते मराठी सगळं कौलांच्या व्यवहारातलं. "फुटकं नको," तो म्हणाला. मामू म्हणाले, फुटकं नाही. "मोज," तो म्हणाला. मामूंनी रेतीवरचे शिंपले मोजून दाखवले. "दोरी घट्ट बांध." मामू हसता हसता डोळे पुसू लागले. अंधार पडेपर्यंत दोघे त्या पाच-सहा शब्दांवर बोलत होते आणि दोघांनाही ते कमी पडल्यासारखं दिसलं नाही.

साहेब-मडमने सुट्टी तिथेच, उलट्या उभ्या असलेल्या घरात काढली आणि परतताना आम्ही सगळे जीपमधून आलो. चाकांच्या तुटलेल्या दांड्याच्या जागी नवा दांडा बोटीने यायला पुढचा उन्हाळा उजाडला. तो बसवायला मी गेलो आणि घर एकटाच चालवत दुखानला आणलं, डावीकडच्या वाटेने. तोवर साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब बसभोवती फिरले, कुंड्यांच्या फळीवर बोट आपटलं आणि मला विचारलं, "इथला हुक कुठे गेला?"

मी सांगायला सुरुवात केली. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग तिथेच एक खोका ओढून बसले.