प्रागचं घड्याळ आणि ह्यांचे डोळे

१२ सप्टेंबर. सकाळपासून बॅगा वजनकाट्यावर चढवत होते. मेतकूट, चिवडा, ह्यांचे डोळ्यांचे थेंब. आमचे हे बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि डॉक्टर वर्षभर मागे लागलेले. "आधी प्रागचं घड्याळ पाहतो, मग ऑपरेशनचं बघू," हे ह्यांचं उत्तर. म्हणून निघालो.

प्राग देखणं आहे, पण दगडी फरसबंदीवर माझ्या बॅगेचं एक चाक पहिल्याच तासात गेलं. चौकात त्रदेलनिक (निखाऱ्यावर फिरवून भाजलेली, साखरेत घोळवलेली पोकळ गुंडाळी) खाल्लं. गोड आहे. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर ओर्लोय (सूर्यचंद्राची गती दाखवणारं घड्याळ) आहे. आमची गाइड सांगू लागली, असं घड्याळ दुसऱ्या गावाला मिळू नये म्हणून कारभाऱ्यांनी ते बनवणाऱ्याचे डोळे तापल्या सळईने फोडले. मी ते मराठीत सांगितलं आणि लगेच पस्तावले. ह्यांचा चेहरा उतरला.

बारा वाजले. घड्याळावरचा सांगाडा दोरी ओढून मान डोलावतो, चला म्हणतो. त्याच्या आजूबाजूचे बाकीचे तिघे पुतळे माना हलवून नाही म्हणतात. आमच्या घरी वर्षभर हेच चाललं होतं.

"काटे कुठेत गं?" ह्यांनी हळूच विचारलं.

"अहो, समोर तर आहेत! दिसत नाहीत?"

"सोनेरी धुकं दिसतंय." मग म्हणाले, "दुकानात सहा महिने कानानंच काम करतोय. बारीक स्क्रू शेजारच्याकडून लावून घेतो."

रागवायचं राहून गेलं. मी गाइडला विचारलं, गोष्ट खरी का? ती हसली. "खोटी. घड्याळ गोष्टीतल्या माणसानं नाही, भलत्यानंच केलं आणि त्याचे डोळे कुणी काढले नाहीत. पण पर्यटकांना हीच आवडते."

मी ह्यांना सांगितलं.

"म्हणजे शाबूत होते?"

"शाबूत. आणि तुमचे कुणी काढत नाहीये, साफ करून देतायत."

"आणि नंतर दिसलंच नाही तर?"

"आत्ता काय दिसतंय?"

चालत नदीवरच्या पुलापर्यंत आलो. तिथे कठड्याला टेकून हे म्हणाले, "डावा आधी करू. दुकानात उजव्याला भिंग लावतो मी."

परतल्यावर सगळे विचारतात, प्राग कसं? सुंदर आहे. तिथल्या गोष्टी मात्र विचारून खात्री करून घ्याव्यात, ऐकणाऱ्याच्या मनात त्या कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही.

परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ह्यांना दुकान उघडू दिलं नाही. थेट दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना म्हटलं, "डावा. लवकरातली लवकर तारीख द्या, माणूस तयार आहे तोवर."