समुद्राकडून पहिलं घर

आमच्या हिच्या धाकट्या मामांइतके पंखे बंद केलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल. सगळी नोकरी वीज खात्यात झाली, त्यामुळे वीज कुठून येते आणि तिच्यासाठी किती कोळसा जळतो हे त्यांना पाठ. आणि ते ज्ञान ते कुणाच्याही घरात, न विचारता, बटणापर्यंत पोचवतात. माझ्या मेव्हणीच्या लग्नात ते हॉलभर हिंडून रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे बंद करत होते. मुलाकडचे एक गृहस्थ हात धुऊन परत आले, तर डोक्यावरचा पंखा थांबलेला. ते तापले. मामा शांतपणे म्हणाले, "तुम्ही नव्हतात. खुर्चीला घाम येतो काय?" त्या गृहस्थांची समजूत काढायला मला पाठवण्यात आलं. असल्या कामांना मलाच पाठवतात.

स्वयंपाक सूर्यचुलीवर. उन्हं सरकतील तशी ती पेटी मामा घरापुढच्या खळ्यात सरकवत नेतात आणि पाहुणे पाट घेऊन मागून सरकतात. एकदा आम्ही जेवायला गेलो आणि आभाळ भरून आलं. संध्याकाळी आम्ही पोहे खाल्ले, तेही शेजारच्यांकडून आलेले. "आज ढगानं उपास घडवला," म्हणून मामा खुशीत होते.

पण हा माणूस सगळ्यात खुशीत असतो तो मे महिन्यात. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ते आपल्या घरी शिबिर भरवतात. हवामान का बदलतंय, ऊर्जा कशी वापरायची आणि गावाने निर्णय कसे घ्यायचे. पुस्तक नाही, फळा नाही. गावकीची बैठक बसावी तशी मुलं खळ्यात गोल बसतात. मतदान नाही. "हात वर करायला कष्ट पडत नाहीत," मामा म्हणतात, "ठराव केलात, तर तो जगायचा कोणी ते सांगा." प्रत्येकाने आपल्या तोंडाने 'मान्य' म्हणायचं, आणि मान्य झालेला ठराव सगळ्यात आधी मामांना लागू. एका वर्षी मुलांनी ठराव केला की जिथे एस्टी जाते तिथे स्कूटर न्यायची नाही. तेव्हापासून मामा एस्टीची वाट बघत उभे असतात आणि त्यांच्या स्कूटरवर कोंबडी अंडी घालते.

हे सगळं हसून सांगावं असंच आहे. पण मी आकड्यांचा माणूस आहे, आणि मला त्या घराचे आकडे झोपू देत नव्हते. वाडीत समुद्राकडून पहिलं घर मामांचं. पूर्वी पुढ्यात माडांची रांग होती. आता दोन उरलेत, आणि त्यातला एक समुद्राकडे वाकून बघतोय. मामी गेल्यापासून मामा तिथे एकटे. पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाला ही फोन हातात धरून बसायची. आमच्याकडे राहायला या, म्हणून आम्ही चार पावसाळे विनवण्या केल्या. मामांचं उत्तर ठरलेलं: "जन्मापासून ओळखतो मी ह्या समुद्राला. येतो, पायरीशी बसतो, जातो." मी एकदा भरतीचं कोष्टक, घराच्या जोत्याची उंची, किनाऱ्याचं अंतर असं सगळं मांडून दाखवलं. ते कौतुकाने म्हणाले, "हिशेब चोख आहे, जावईबापू. शिबिरात शिकवायला या." सगळ्या जगाला निर्णय घ्यायला शिकवणारा हा माणूस स्वतःचा एक निर्णय तेवढा टाळत होता.

यंदाच्या शिबिरात आमची मुलगी मुक्ता होती. प्रश्न मामांनीच दिला: किनाऱ्यावरच्या घरांचं काय करायचं? मुलं दगडी बंधारा मागतील, असा त्यांचा अंदाज असावा. मुलांनी खुंट्या ठोकल्या, दोरीने अंतरं मोजली, म्हाताऱ्यांना विचारलं. शेवटच्या बैठकीच्या दिवशी मी मुक्ताला न्यायला गेलो होतो, म्हणून पडवीत बसलो.

"बंधारा बांधूया की," एक मुलगा म्हणाला.

"खालच्या वाडीने बांधला, तर लाट वळून आपल्याकडे आली," एक मुलगी म्हणाली. "मामा, तुम्हीच दाखवलंत."

"दाखवलं."

"मग आपण बांधला तर लाट वरच्या वाडीत जाईल."

"जाईल," मामा म्हणाले.

तेव्हा मुक्ताने विचारलं, "मामाआजोबा, गेल्या पावसात पाणी आपल्या घरात कुठवर आलं होतं?"

मामांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. "माजघरात," ते म्हणाले. "गुडघ्याच्या जरा खाली."

हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

"मग पहिल्या रांगेतल्यांनी पावसाळ्यात इथे राहायचं नाही," मुक्ता म्हणाली. "आणि..." तिला रडू फुटलं.

"रडतेस कशाला गो? ठराव मांडताना आवाज खणखणीत हवा. परत सांग."

तिने डोळे पुसून परत सांगितलं, सुरुवात मामांपासून, हेही सांगितलं. एकेक मूल 'मान्य' म्हणत गेलं. मामा शेवटी होते. आता ते हसून 'शिबिरातलं शिबिरात' म्हणतात की काय, असं मला वाटलं. मग ते "मान्य" म्हणाले आणि उठून आत गेले.

पावसाच्या आधी टेम्पो नेला. सामान भरून झाल्यावर मी दाराला कुलूप लावायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "नको. आला तर त्याला परत जायला वाट हवी. कोंडला तर भिंती पाडील." दोन्ही दारं उघडी ठेवून आम्ही निघालो. ते मागे वळले नाहीत. मीच वळलो.

आता ते आमच्याकडे असतात. त्या घराचं नाव काढत नाहीत. उधाणाच्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर वाडीवर जाऊन येतो. कुणाला सांगत नाही. पण मी घरात शिरलो की मामा पेपर खाली करून आधी माझ्या चपलांना लागलेली ओली वाळू बघतात, मग माझा चेहरा. घर अजून उभं आहे, अशा अर्थी मी मान हलवतो. ते पुन्हा पेपर वर धरतात, आणि बराच वेळ पान उलटत नाहीत.