पायाळू आणि खोडरबर

मॅडमनी हात पुढे केला आणि माझ्याकडे खोडरबर मागितला. बाई एमडी, बोटं दहा, अंगठ्या बारा, पण खोडरबर स्वतःचा नाही. मी खिशातून काढून दिला. हो, मीच दिला. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शूर वाटायला नको.

केसपेपरवर मी लिहिलं होतं, बाळाचं डोकं वर लागतंय, ब्रीच वाटतंय. म्हणजे पायाळू. पाय नाहीतर ढुंगण पुढे.

"सिस्टर, तुझ्या हातात काय सोनोग्राफी बसवलीय?"

पेशंटसमोर. पेशंटच्या सासूसमोर. लादी पुसणाऱ्या मावशींसमोर. मॅडम माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तरी 'तू'.

मी म्हटलं, "मॅडम, स्कॅन तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. बाळ फिरलं असेल. ठोकेसुद्धा बेंबीच्या वर लागतायत. एकदा मशीन लावून बघता का?"

मशीन शेजारच्या खोलीत. अकरा पावलं. मी मोजलीत.

"मशीन खोटं आणि तू खरी? हे हॉस्पिटल आहे. तुझ्या आजीची झोपडी नाही."

आणि खोडलं. वरून फुंकर मारली. खोडरबराचा सगळा चुरा माझ्या युनिफॉर्मवर.

माझी आजी सुईण होती. परभणीकडच्या गावात, गावकुसाबाहेर. हे मॅडमना कसं ठाऊक? इंटरव्ह्यूत मीच सांगितलं होतं. छाती फुगवून. त्यांनी सहा वर्षं ते जपून ठेवलं आणि लागेल तेव्हा बाहेर काढलं.

आता पेन्सिलीचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही बालवाडी चालवतो. उलव्यात आमचं हॉस्पिटल म्हणजे काचेचं जहाज. लॉबीत कारंजं. लिफ्टमध्ये बासरी. मॅडमचा परफ्यूम मॅडमच्या आधी पाच मिनिटं तिसऱ्या मजल्यावर पोचतो. डोक्यावरून विमान गेलं की सलाईनच्या बाटल्या हलतात, मॅडम हलत नाहीत. आणि अशा या जहाजात कायदा असा, की लेबर रूममध्ये सिस्टरने केसपेपर पेन्सिलीनं लिहायचा. मॅडम येणार, वाचणार, पटेल ते पेननं गिरवणार, न पटेल ते खोडणार. कुठेही लेखी नाही हा नियम. पण नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी युनिफॉर्मसोबत पेन्सिल मिळते. दोन बाजूंनी टोक केलेली. मला मिळाली तेव्हा मी थँक्यू म्हटलं होतं.

असो. पेशंट दुसऱ्या बाळंतपणाची. जवळच्याच आगरी गावातली. कळा जोरात. सकाळचे साडेअकरा वाजलेले. मॅडमनी खोडलं, घड्याळ पाहिलं, साडी ठीक केली आणि निघाल्या. खांदेश्वरला कुणा मैत्रिणीच्या स्किन क्लिनिकची रिबीन कापायची होती. जाता जाता म्हणाल्या, "डोकं दिसलं की फोन कर."

डोकं दिसणारच नव्हतं. म्हणजे हुकमाप्रमाणे मी फोन करायलाच नको होता.

सासू माझ्याजवळ आली. दंडाला धरून हळूच म्हणाली, "गो बाय, खरा सांग. डोका कुठं हाय?"

मी तिचाच हात धरला आणि सुनेच्या बरगडीखाली ठेवला. नारळासारखं टणक, गोल. ढकललं की तरंगून परत येत होतं. म्हातारीनं सात जणींची बाळंतपणं पाहिलेली. तिनं हात काढला आणि पदर खोचला.

"पायालू हाय."

घ्या. अकरा पावलं न चालता, प्लगसुद्धा न लावता निदान झालं. फी शून्य.

साडेबाराला पाणी गेलं आणि दहा मिनिटांत ढुंगण दिसायला लागलं. आता ऑपरेशनसाठी वर न्यायचं, तर भूल द्यायला कुणी नाही, कापायला कुणी नाही. ड्युटीवरचे ज्युनिअर डॉक्टर, आमचे आरएमओसाहेब, दारातून डोकावले. "मॅडमना कळवलंय ना?" म्हणाले आणि कळवायला गेले. ते अजून कळवतायत.

मावशींनी आधी नेरुळच्या मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते निघाले. मग मॅडमना. माझ्या हातात ग्लोव्हज, म्हणून फोन स्पीकरवर. मागे टाळ्या वाजत होत्या, कुणीतरी माइक टेस्टिंग करत होतं.

"मॅडम, ब्रीच आहे. बाहेर येतंय."

मग आवाज आला, "पाय जुळवून धर तिचे. बाहेर येऊ देऊ नको. मी वीस मिनिटांत पोचते."

ऐकलंत? कळा देणाऱ्या बाईच्या मांड्या मी दाबून धरायच्या. आतल्या जिवाची नाळ दबली, तो गुदमरला, तरी चालेल. मॅडम येईपर्यंत त्यानं रांगेत थांबायचं. टोकन घेऊन.

मी पेशंटकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. सासूनं ऐकलं होतं. मावशी फोन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सहा वर्षं मी "हो मॅडम" म्हणत आले. हे दोन शब्द माझ्या तोंडातून श्वासासारखे आपोआप यायचे. त्या दिवशी आले नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "मावशी, कट करा."

ब्रीचमध्ये सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. ओढायचं नाही. ओढलं की बाळाचे हात वर जातात, डोकं अडकतं. हात मागे घेऊन बघत बसायचं. आईनं ढकलायचं, बाळानं आपल्या वजनानं उतरायचं. पेशंटला टेबलाच्या कडेला घेतलं. ढुंगण आलं. एक पाय टपकन सुटला, मग दुसरा. बेंबीपर्यंत आलं. मी कमरेभोवती कोमट टॉवेल धरला. नाळेत ठोके होते. खांदे आले, एक हात, दुसरा हात. आता मान. मानेवरचे केस दिसले तेव्हा मावशींना ओटीपोटावर दाबायला सांगितलं, दोन बोटं बाळाच्या गालांच्या हाडांवर ठेवली, हनुवटी छातीकडे घेतली आणि वर उचललं.

आली. मुलगी. निळसर, लोंबती. आवाज नाही.

पुसलं. पाठ चोळली. नाही. मास्क लावून बॅगनं श्वास दिले. चाळीस सेकंद. तेवढ्यात मी म्हातारी झाले, मेले, माझा तेरावा झाला आणि परत ड्युटीवर हजर झाले. मग ती ओरडली. अशी ओरडली, की भोंगा समजून महाप्याच्या कंपन्यांत जेवणाची सुट्टी झाली असेल.

मावशी हसत रडत होत्या. "सिस्टर, पायाळूची लाथ पाठीला लागू द्या जरा. उसण भरलीय चार दिवसांपासून." मी बाळाची इवली टाच त्यांच्या पाठीला टेकवली. मावशी आज कारंज्याची टाकी एकट्या उचलतात. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

मुलांचे डॉक्टर आले, तपासलं, बाळ ठीक म्हणाले. त्यानंतर परफ्यूम आला. त्यानंतर मॅडम. रिबिनीचा तुकडा अजून अंबाड्यात अडकलेला. कोरड्या हातांवर कोरडे ग्लोव्हज चढवले, बाळ उचललं, आरएमओला फोटो काढायला लावला. मग नातेवाइकांना म्हणाल्या, "थोडी रिस्की केस होती, पण केली आम्ही."

सासू समोरच बसली होती. "तुमी कवा आल्या गो?"

फोटोत मॅडम हसतायत. ते हसू याच प्रश्नाआधीचं आहे.

मग केबिन. दार बंद. माझ्यासमोर तोच केसपेपर आणि नवी पेन्सिल.

"लिही. अनपेक्षित ब्रीच. सिस्टरच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी प्रसूती केली."

तीन वाक्यं. दुसऱ्यात मी आंधळी, तिसऱ्यात मी गायब.

मी पेन्सिल उचलली नाही. तेव्हा आवाज मऊ झाला. "अगं, उद्या त्या बाळाच्या हातात काही दोष निघाला तर? नर्सने ब्रीच काढलं म्हणून तुझं रजिस्ट्रेशन जाईल. मी तुला वाचवतेय. आणि तुमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलंत तुम्ही. कधी कुणी नाव मागितलं?"

नाही मागितलं, मॅडम.

आजीला पाटलाच्या घरी मागच्या दारानं बोलवायचे. नाळ कापेपर्यंत आजीचा हात चालायचा. आईच्या आत कोपरापर्यंत चालायचा. नाळ कापली की तोच हात विटाळाचा. मग बाळाला न्हाऊ घालणार दुसरी, बारशाला पाळण्याशी उभी राहणार दुसरी. आजी बसलेली जागा तिच्यामागे शेणानं सारवून घ्यायचे. अर्धं गाव तिच्या हातात जन्मलं आणि तिचं नाव त्या गावात कुठेही नाही. तिथे शेण होतं. इथे खोडरबर आहे. सोयी वाढल्यात.

मी केसपेपर उजेडात धरला. माझी सवय आहे, मी पेन्सिल दाबून लिहिते. मॅडमनी शिसं खोडलं होतं, खड्डे खोडता आले नव्हते. सकाळचं अक्षर न् अक्षर कागदात रुतलेलं दिसत होतं.

मॅडमच्या टेबलावरचं त्यांचंच पेन उचललं. तेच खड्डे गिरवले. डोकं वर लागतंय. ब्रीच. त्याखाली पुढचं लिहिलं. साडेअकरा वाजता डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी नोंद खोडली. बारा चाळीसला फोनवर कळवलं. डॉक्टरांनी प्रसूती रोखून धरायला सांगितलं. मी नकार दिला. प्रसूती मी केली. खाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, रजिस्ट्रेशन नंबर. आडनाव जरा मोठ्या अक्षरात.

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

"लेखी द्या," मी म्हटलं. "पेननं."

अजून दिलेलं नाही. पानाचा फोटो मावशींनी काढलाय, सासूकडेही आहे. म्हातारीनं तो मोबाईलच्या वॉलपेपरला लावलाय म्हणतात.

बाहेर येऊन लेबर रूमच्या ट्रेमधल्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या, खोडरबरासकट. टोकदार वस्तू कुठे टाकायच्या याचा नियम आहे, मी नियम पाळते. वापरलेल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकल्या. त्यात एकदा गेलेलं कुणी परत काढत नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी ड्युटीवर होते. पहिली पेशंट आली. पोटावर हात ठेवला. डोकं खाली. पेननं लिहिलं, सही केली. मॅडम आल्या, वाचलं, सवयीनं माझ्याकडे हात पुढे केला. मी हात खिशात घातला नाही.

खोडायचं असेल तर आता कागद फाडावा लागेल. मी समोर उभी असताना.

फाडा.